धरायला काहीतरी

लिसांद्रोच्या दप्तरातून आज निघालं :
एक हातमोजा, डावा,
सहलीचं परवानगीपत्र, सहल होऊन महिना झाला,
अर्धा पाव,
आणि गृहपाठ. पूर्ण केलेला. अक्षर सुरेख.
सोमवारी द्यायचा होता, तो.
का दिला नाहीस, विचारलं
तर माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मी दुसऱ्याच कुणाला पडलेल्या स्वप्नाबद्दल विचारतेय.

आमच्या पुंता अरेनासमध्ये ऑक्टोबरातला वारा
माणसाला जागचं हलवतो.
म्हणून नगरपालिका चौकात दोर बांधते
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
वकील धरतात, मासे विकणाऱ्या बाया धरतात,
परवा एक पाद्री दोन्ही हातांनी लोंबकळत होता,
झगा पार डोक्यावर.
कुणी म्हणत नाही,
एवढा घोडा झालास, अजून चालता येत नाही?

लिसांद्रोच्या डोक्यात बारा महिने ऑक्टोबर असतो.

भागाकार तो मनातल्या मनात करतो, माझ्याआधी.
पण वही काढ, पान उघड, तारीख घाल, समास आख,
एवढ्या अंतरात
खिडकीबाहेरून एक कागद उडत जातो
आणि त्याच्यामागे हाही.

मी बाकाच्या कोपऱ्यावर पट्टी चिकटवली.
चार चित्रं : वही, पेन, तारीख, पहिलं गणित.
दुसऱ्या गणिताचं चित्र मुद्दाम काढलं नाही.
एक मेंढी फाटकातून गेली
की दुसरी बहुतेक वेळा आपली आपण जाते.
मग घरून अंडी उकडायचं घड्याळ आणलं, आईचं,
कोंबडीच्या आकाराचं.
'दहा मिनिटं' त्याला कधी दिसलीच नव्हती.
कोंबडी वळताना दिसते.
वर्ग हसला.
शुक्रवारी तिघांनी हळूच विचारलं,
आमच्या बाकावर कधी ठेवणार?

नोव्हेंबरात त्याचे वडील आले. सेलेदोनियो.
मी ओळखलं. सव्वीस वर्षांपूर्वी,
खिडकीकडची रांग, तिसरा बाक.
आता अंगात नगरपालिकेचं जाकीट, तळहातांना घट्टे.
चौकातले दोर तोच बांधतो.
म्हणाला, बाई, माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलं होतंत :
'हुशार आहे. मनावर घेत नाही.'
रागानं नाही म्हणाला.
आपला रक्तगट सांगावा, तसं.

टेबलावर कोंबडी टिकटिकत होती.

घेत होतो मनावर, तो म्हणाला. रोज सकाळी.

माझ्याकडे माफीचं वाक्य होतं
पण ते कुठून सुरू करायचं, कळेना.
तोवर तो उठून मुलाच्या बाकापाशी गेला,
पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला,
पुन्हा सुटला.
चिकटपट्टी इथल्या गारठ्यात टिकत नाही, म्हणाला,
उद्या वॉर्निश आणतो.
आणि उद्या आला नाही. विसरला.
परवा आला, दोन डबे घेऊन.

सगळं छान झालं, असं सांगणार नाही.
मंगळवारी पहिले पाढे पंचावन्न :
वही घरी, पेन घरी, स्वेटर उलटा.
मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या,
किती दिवस तू पट्ट्या लावणार आहेस?
उद्या बाहेरच्या जगात कोण लावील त्याला?
मी काही बोलले नाही.
बाहेर पत्रे वाजत होते,
आणि त्यांना घरी जायला
चौक ओलांडायचा होता.

आज मी लांबूनच पाहिलं.
लिसांद्रोचं बोट पट्टीवर. वही. पेन.
मग बराच वेळ काही नाही.
कोंबडी अर्धी वळली.
मग त्यानं तारीख घातली.

कालची.

चालेल.